मूल शिबिराला पाठवताना

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की आमच्या दवाखान्यात तापा-खोकल्याच्या रुग्णांबरोबर आणखी एक गर्दी सुरू होते. हातात फॉर्म घेतलेले आईवडील आणि त्यांच्या मागे उभी असलेली मुले. चर्चच्या उन्हाळी शिबिराचा तो फॉर्म असतो. पाच दिवस, कधी सात दिवस, मुलाने घरापासून दूर राहायचे. शेवटी 'सदर विद्यार्थी शिबिरास शारीरिकदृष्ट्या योग्य आहे' असे छापलेले असते आणि त्याखाली डॉक्टरांची सही व शिक्का.

आम्ही वजन करतो, छाती तपासतो, घसा-कान पाहतो, पोट चाचपतो, लसींची चौकशी करतो आणि सही करतो. पण फॉर्म परत घेताना आईचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, पाठवू ना? राहील ना हा?" खरा प्रश्न हाच आहे आणि नेमका त्यालाच फॉर्मवर रकाना नाही. माझी सही मुलाच्या हृदयाबद्दल आणि फुप्फुसांबद्दल काही सांगते. ते मूल परक्या गावी, परक्या माणसांत, रात्री एकटे झोपू शकेल की नाही याबद्दल ती काहीही सांगत नाही. आजचा लेख त्या न छापलेल्या रकान्यासाठी आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. तेव्हापासून येथे ख्रिस्ती समाज मोठा आहे आणि त्यांच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे सर्वांच्याच परिचयाची आहेत. उन्हाळी शिबिरांची पद्धत मात्र त्यामानाने अलीकडची. तिचे मूळ अमेरिकेतले. लंडनमध्ये १८४४ साली स्थापन झालेल्या वाय.एम.सी.ए. या संस्थेच्या कामातून सम्नर डडली नावाच्या गृहस्थांनी १८८५ साली थोड्याशा मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यात तळ्याकाठी तंबू ठोकले. त्यांच्या नावाचे शिबिर आजही चालू आहे. आपल्याकडे कोणाचे शिबिर पाचगणी-महाबळेश्वरकडे असते, कोणाचे लोणावळ्याकडे, तर कोणाचे जिल्ह्यातल्याच एखाद्या जुन्या मिशन आवारात. सकाळी प्रार्थना, पवित्र शास्त्राचा वर्ग, गाणी, दुपारी हस्तकला, संध्याकाळी खेळ, रात्री शेकोटी आणि भक्ती असा साधारण दिवस असतो.

या शिबिरांविषयी माझे मत चांगले आहे हे आधीच सांगतो. टी.व्ही. आणि मोबाईलपासून पाच दिवस दूर राहणे, स्वतःचे ताट स्वतः धुणे, दहा मुलांत एक बादली वाटून घेणे, थोरामोठ्यांबरोबर गाणे म्हणणे हे सगळे मुलाच्या तब्येतीला टॉनिकच्या बाटलीपेक्षा अधिक मानवते. म्हणून पाठवू नका असे माझे म्हणणे नाही. कोणाला, केव्हा आणि कोणत्या तयारीने पाठवायचे एवढाच प्रश्न आहे.

वयावर जाऊ नका

फॉर्मवर 'वय आठ वर्षे पूर्ण' अशी अट असते. पालक तेवढे पाहून निर्धास्त होतात. ही अट आयोजकांच्या सोयीची आहे, मुलाच्या तयारीची नव्हे.

दोन मुलांची उदाहरणे देतो. पहिली आठ वर्षांची मुलगी, एकत्र कुटुंबातली. चुलत भावंडांच्या रांगेत कोठेही झोपणारी, सुट्टीत मामाकडे आठ-आठ दिवस राहणारी. शिबिरात तिसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या. तिने स्वतः स्वयंपाकघरातल्या मावशींना जाऊन सांगितले, "मला दोनदा उलटी झाली, पाणी पण राहात नाही." मावशींनी लगेच हालचाल केली, क्षारसंजीवनी दिली, डॉक्टरांना दाखवले. मुलगी शिबिर पुरे करून आली.

दुसरा मुलगा बारा वर्षांचा, उंचापुरा, वर्गात पहिला, क्रिकेटमध्ये पुढे. हा राहील की नाही अशी शंकाही कोणाला आली नसती. चौथ्या दिवशी पोट धरून घरी आला. तेथे ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या. तपासले तर पोटात मळाचे खडे हाताला लागत होते. चार दिवस तो शौचाला गेलाच नव्हता. तेथील संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती आणि बाहेर मोठी मुले उभी राहून हसत. पोरगा डोंगर चढला, स्पर्धेत बक्षीस घेतले, पण 'कडी नाही, मला लाज वाटते' हे एक वाक्य त्याला कोणापाशी बोलता आले नाही.

या दोघांत तयार कोण होते? माझ्या मते ती आठ वर्षांची मुलगी. पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर माझे मत असे झाले आहे की मूल घराबाहेर राहायला तयार आहे की नाही, याची सर्वांत मोठी खूण एकच. आपल्या शरीराची आणि मनाची अडचण परक्या मोठ्या माणसाला, वेळेवर, स्वतःच्या तोंडाने सांगता येते का? बाकी सर्व गोष्टी शिबिरात शिकता येतात. ही एक गोष्ट घरून शिकून जावी लागते.

आणि आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट शिकवली जात नाही. मी मुलाला विचारतो, "बाळ, काय होतंय?" उत्तर आई देते. "कुठे दुखतंय?" बोट आईचे. "शी रोज होते का?" मूल आईकडे पाहते आणि आई म्हणते, "होते की." दहा वर्षांच्या मुलाला स्वतःची शी रोज होते की नाही हे आईला विचारावे लागते आणि महिन्याभराने आपण त्याला दीडशे मैलांवर पाठवायला निघतो!

म्हणून पहिला व्यायाम आजपासूनच सुरू करा. दवाखान्यात आल्यावर आईवडिलांनी गप्प बसावे आणि मुलाने बोलावे. दुकानात सुटे पैसे कमी आले तर त्यानेच परत मागावेत. शेजारच्या काकूंकडे निरोप घेऊन त्यालाच पाठवावे. शी, शू, पाळी, खाज, भीती हे शब्द घरात न लाजता बोलता आले पाहिजेत. घरात ज्या शब्दाला बंदी, तो शब्द मूल शिबिरातही गिळून टाकते.

"आम्ही बोर्डिंगात राहिलो, काय झाले?"

असे कोणी म्हटले की त्या कुटुंबातले आजोबा बोलत आहेत हे ओळखावे. आपल्या जिल्ह्यात मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली पिढी मोठी आहे. सहाव्या-सातव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन गेलेले, शिकून शिक्षक झालेले, परिचारिका झालेल्या, घरे वर आणलेली ही माणसे. त्यांच्या शब्दाला मान आहेच. "दोन दिवस रडलो, मग गप्प बसलो," असे ते अभिमानाने सांगतात.

पण बाबा, त्या वेळी गावात शाळा नव्हती, दुसरा मार्ग नव्हता. बोर्डिंगात गावचीच चार मुले, थोरला भाऊ नाहीतर आत्याचा मुलगा सोबत असे. आणि मुख्य म्हणजे रुळायला महिने मिळत. शिबिर पाच दिवसांचे. घरची आठवण ओसरायला तीन दिवस लागले तर मुलाच्या हाती दोनच दिवस उरतात. शिवाय जे गप्प बसले ते सगळेच रुळले होते असे नाही. काहींनी सांगणे सोडून दिले होते, एवढेच. गप्प बसलेले मूल म्हणजे समजूतदार मूल, हा आपल्या घरांतला फार जुना गैरसमज आहे.

घरच्या घरी परीक्षा

फॉर्म भरण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, रात्र. मूल आईवडिलांशिवाय, दुसऱ्याच्या घरी, सलग दोन रात्री राहिले आहे का? दोन रात्री मुद्दाम म्हणतो. पहिली रात्र नवलाईत निघून जाते. दुसऱ्या रात्री खरी आठवण येते. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत ते तुमच्या कुशीत झोपले असेल तर ती रात्र यात धरू नका. मामाकडे, मावशीकडे, वर्गमित्राकडे पाठवा आणि त्या दोन दिवसांत फोन करू नका.

दुसरी, स्वतःची कामे. अंघोळ, वेणी, नखे, कपड्यांच्या घड्या, शौचानंतरची स्वच्छता, ओला टॉवेल वाळत घालणे. आई अजून अंघोळ घालत असेल तर शिबिरात ती कोण घालणार हा प्रश्न लाजेचाच नव्हे, सुरक्षिततेचाही आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलींना पाळीविषयी आधीच सांगून ठेवावे आणि पिशवीत पॅड द्यावेत. पहिली पाळी तारीख सांगून येत नाही.

तिसरी, सांगता येणे. याविषयी वर लिहिलेच आहे.

चौथी, त्याची इच्छा. जायचे कोणाला आहे? मुलाला, आईला की आजीला? "फार हट्टी झालाय, शिबिरात सरळ येईल," म्हणून पाठवलेले मूल शिबिराला शिक्षाच समजते. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, आई बाळंतपणाला जवळ आली असेल, आईवडिलांत बेबनाव असेल, तर त्या वर्षी मुलाला लांब पाठवू नये. ते तेथे खेळत नाही, घरी काय चालले असेल याचाच विचार करत बसते. उलट जाण्याच्या निर्णयात ज्या मुलाचा वाटा असतो, पिशवी स्वतः भरतो, सोबत कोण हे स्वतः ठरवतो, ते मूल घराची आठवण सहज पेलते.

या चारांपैकी पहिली तीन जमत नसतील तर ती शिकवता येतात. चौथी नसेल तर मात्र थांबावे.

अंथरूण ओले होणाऱ्या मुलांविषयी

हा विषय पालक दार लोटून, आवाज खाली आणून काढतात. म्हणून जरा मोठ्याने सांगतो. सात वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पाच ते दहा मुले रात्री अंथरूण ओले करतात. मुलग्यांत हे प्रमाण अधिक असते. मूल मुद्दाम करत नाही, आळसाने करत नाही. बहुतेकांचे वयाबरोबर आपोआप थांबते. एवढ्याच कारणासाठी मुलाला शिबिराला मुकवू नये.

मात्र लपवून पाठवू नये. मुलाच्या संमतीने एका विश्वासू ताईला किंवा दादाला आधी सांगावे. संध्याकाळनंतर पाणी-चहा बेताने, झोपण्यापूर्वी लघवी, रात्री एकदा कोणी हळूच उठवणे, जादा चड्डी आणि प्लॅस्टिकची पिशवी एवढ्यावर बरेच निभावते. शिबिरापुरते घेण्याजोगे डेस्मोप्रेसिन नावाचे औषधही आहे. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, काही आठवडे आधी घरी घेऊन पाहिलेले असावे. त्यावर रात्री भरपूर पाणी प्यायले तर रक्तातले सोडियम घसरून धोका होतो. मित्राच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊ नका. आणि जे मूल वर्षानुवर्षे कोरडे होते ते अचानक अंथरूण ओले करू लागले, तर शिबिराचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करा. लघवीतला जंतुसंसर्ग, मधुमेह किंवा मनावरचा ताण यांपैकी काही असू शकते.

जुना आजार असेल तर

दमा असलेल्या मुलाने जाऊ नये असे मी सांगत नाही. पण पंप आणि स्पेसर त्याच्याच पिशवीत हवा, आयोजकांच्या कुलूपबंद कपाटात नको. तो स्वतःला बरोबर घेता येतो का हे दवाखान्यात दाखवून घ्या.

फिट्स येणाऱ्या मुलाची गोळी एक वेळही चुकता कामा नये. जागरणाने फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून शेकोटीच्या रात्रीही त्याला वेळेवर झोपू द्यावे. अशा मुलाला पाण्यात किंवा उंचावर एकटे सोडू नये.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला पाठवायचे तर साखर कमी झाल्याची लक्षणे ओळखणारा माणूस तेथे चोवीस तास पाहिजे. घाम, थरथर, चिडचिड, गुंगी आणि त्यावर लगेच साखर, ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्या हवाली करू नये.

निघायच्या आदल्या दिवशी ताप, जुलाब, अंगावर पुरळ किंवा गळते डोळे असतील तर पैसे भरले आहेत म्हणून मूल गाडीत घालू नका. एका मुलाचे डोळे तीन दिवसांत सगळ्या खोलीचे होतात. खरूज आणि उवा यांचेही तेच. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली असेल तर ती घ्या. फॉर्मवर मुलाचे आजचे वजन लिहा, कारण पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, वयावर नव्हे.

घरची आठवण हा आजार नाही

बहुतेक सर्व मुलांना घरची आठवण येते. मोठ्यांनाही येते. नव्या नवरीला येते, लष्करात गेलेल्या जवानाला येते. संध्याकाळी आणि झोपताना ती वाढते, कामात असताना विसरते. पोट दुखणे, जेवण न जाणे, थोडे रडणे हे दोन-तीन दिवसांत ओसरते. पण मूल जेवतच नाही, रात्रभर झोपत नाही, कोणाशी बोलत नाही असे झाले तर मात्र घरी कळवून त्याला परत आणावे. त्यात कोणाचाही पराभव नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली या विषयावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातली एक सूचना मला फार पटली. निघताना मुलाला "करमले नाही तर लगेच फोन कर, आम्ही न्यायला येऊ," असे वचन देऊ नये. ऐकायला हे वचन प्रेमळ वाटते. मुलाला त्यातून कळते ते एवढेच की आईवडिलांनाही मी राहीन याची खात्री नाही. मग पहिल्याच संध्याकाळी ते फोनची वाट पाहू लागते. त्याऐवजी सांगावे, "आठवण येईल, सगळ्यांना येते. आली की ताईंना सांग, खेळायला जा, पत्र लिही. शनिवारी आम्ही घ्यायला येतोच आहोत." सोबत पोस्टकार्ड द्या, घरची एखादी चादर द्या. "तुझ्याशिवाय घर खायला उठेल गं बाई," हे वाक्य मात्र आजींनी निदान गाडी सुटेपर्यंत तोंडातच ठेवावे.

मोबाईलचे तसेच. रोज रात्री व्हिडिओ कॉल केला की मिटत आलेली जखम पुन्हा उघडते. ग्रुपवर आलेल्या फोटोत आपला मुलगा हसत नाही म्हणून आयोजकांना वीस फोन करणारे पालक मला ठाऊक आहेत. फोटो काढताना मुलगा उन्हात उभा होता!

शिबिराचीही तपासणी करा

येथपर्यंत मुलाच्या तयारीचे झाले. शिबिर तयार आहे का हेही पाहायला हवे. येथे पालक कचरतात. "चर्चचे शिबिर आहे, पाळकसाहेब स्वतः आहेत, त्यांना कसे विचारायचे?" मी म्हणतो, जरूर विचारा. विश्वास आहे म्हणूनच विचारा. चांगल्या आयोजकांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट, ज्यांना राग येतो तेथे मूल पाठवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत? रात्री खोलीत किंवा खोलीबाहेर कोण झोपते? मुलींच्या विभागात बाई आहेत का? रात्री लघवीला जायची वाट उजेडाची आहे का, दाराला कडी आहे का? पिण्याचे पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेले आहे का? नदीत, तळ्यात, धरणात उतरवणार का आणि उतरवले तर पोहता येणारा मोठा माणूस काठावर नेमलेला आहे का? औषधे कोण देते, वहीत नोंद होते का? जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, रात्री गाडी हजर असते का?

उन्हाळ्याच्या दिवसांत डोंगराळ भागात साप-विंचवाचा विचार हवाच. आपल्याकडचा लाल विंचू लहान मुलाच्या जिवावर उठू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्याबद्दल त्यांचे नाव जगभर झाले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध उपयोगी पडायचे तर मूल तेथे वेळेत पोचले पाहिजे. म्हणून आयोजकांना नेमके विचारा, सर्पदंशाची लस आणि प्राझोसिन कोणत्या रुग्णालयात आहे हे त्यांना ठाऊक आहे का? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहेच, पण डोंगरात मोबाईलची रेंज कोठे मिळते हे आधी पाहिलेले असावे. मुलांना झोपण्यापूर्वी अंथरूण आणि सकाळी बूट झटकायची सवय लावा.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा माणूस बहुधा ओळखीचा आणि विश्वासातला असतो. कोणताही धर्म, कोणतीही शाळा, कोणतेही घर याला अपवाद नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलांसाठीच केलेला आहे आणि अशी घटना माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हा आहे. मुलाला साध्या शब्दांत सांगावे, "चड्डीच्या आतल्या भागाला कोणी हात लावायचा नाही. लावला तर ओरडायचे, पळायचे आणि सांगायचे. 'आईला सांगू नकोस' असे जो म्हणेल त्याची गोष्ट आईला आधी सांगायची." १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्याला पाठ असावा. एका मोठ्या माणसाने एका मुलाला एकट्याला बंद खोलीत घेऊन बसायचे नाही, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही, असा नियम शिबिरात असावा. हा नियम सेवकांवर अविश्वास दाखवत नाही. त्यांचेही त्यात रक्षण आहे.

रात्रीच्या सभेविषयी

हा डॉक्टरचा विषय नाही असे कोणी म्हणेल. पण झोप हा डॉक्टरचा विषय आहे. लहान मुले ऐकलेले अक्षरशः खरे मानतात. रात्री नऊ वाजता अंधारात शेकोटीभोवती पाप, न्याय आणि नरक यांवर जोरदार प्रवचन झाले, तर मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतून मात्र झोप उडेल. आपले वारलेले आजोबा कोठे असतील या विचाराने ते पांघरुणात रडत राहील आणि सकाळी सगळे म्हणतील, याला घरची आठवण येते. कोणत्या वयाच्या मुलांना कोणत्या वेळी काय सांगतात हे पालकांनी विचारावे. गंभीर विषय दिवसा घ्यावेत, लहानांचा गट वेगळा करावा आणि झोपण्यापूर्वीची शेवटची गोष्ट गाणे आणि आशीर्वादाची असावी.

तसेच "ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी हात वर करा," असे म्हटले की नऊ वर्षांचे मूल शेजाऱ्याचा हात पाहून आपला वर करते. तसे करायला हरकत नाही, पण न करणाऱ्या मुलालाही संकोच वाटू नये. श्रद्धा हळूहळू वाढते असे पाळकच आपल्याला सांगत असतात. मुलालाही तेवढा वेळ द्यावा.

तयार नसेल तर

तर या वर्षी पाठवू नका. एवढे साधे आहे. पण पाहुण्यांसमोर "हा अजून आईचा पदर सोडत नाही," असे म्हणू नका. त्या वाक्याने पुढची दोन वर्षे वाया जातात. आपल्याच चर्चमध्ये सुट्टीतील बायबल शाळा भरते, सकाळी जाऊन दुपारी घरी यायचे. ती यंदा करू द्या. दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे दोन रात्री. नाताळात चर्चच्या गायनमंडळाबरोबर रात्रीची फेरी. पुढच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांचे, जवळचे, ओळखीच्या मित्राबरोबरचे शिबिर. पायरी-पायरीने गेलेले मूल मागे फिरत नाही. आणि एखादे मूल दहाव्या वर्षी न जाता तेराव्या वर्षी गेले तर त्याचे काही बिघडत नाही.

आईवडिलांची तयारी हाही यातलाच भाग आहे. मूल दोन रात्री मामाकडे राहते, पण आईला झोप लागत नाही, अशी घरे मी पाहतो. ताई, तुमची काळजी खोटी नाही. पण ती मुलाच्या पिशवीत भरून देऊ नका. ती माझ्याकडे आणून द्या, आपण बोलू.

परत आल्यावर

मूल परत आले की पहिल्या तासात प्रश्नांचा भडिमार करू नका. "मजा आली का, रडलास का, बक्षीस मिळाले का?" हे राहू द्या. त्याला अंघोळ घालू द्या, वरण-भात खाऊ द्या, दहा-बारा तास झोपू द्या. पायांचे तळवे, कानामागची त्वचा आणि डोके पाहून घ्या. चार-पाच दिवसांत ताप आला किंवा जुलाब झाले तर शिबिराला गेले होते हे डॉक्टरांना सांगा.

मग दोन-तीन दिवसांनी, पाणी भरताना नाहीतर भाजी निवडताना, ते आपण होऊन बोलू लागेल. तेव्हा हातातले काम चालूच ठेवावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. तेथली अडचण त्याने कोणाला सांगितली आणि कशी सांगितली, तेवढे लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी पाठवायचे की नाही हे त्यावरून तुम्हाला कळेल, डॉक्टरला विचारावे लागणार नाही.